सोमनाथचा फोन

ललिताची नजर अशी, की उडत्या माशीचे पाय मोजील आणि वर त्यातला लंगडा कोणता तेही सांगेल. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तीस वर्षं तिने पोस्टाच्या तिकिटांचे कागद तपासले. केसाएवढी रेघ चुकली, की कागद बाजूला.

अशा बाईला साखरेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तिला हसूच आलं. तरी दहा वर्षांचा डायबिटीस, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथून बजावलं, थेंब घातले की दोन-तीन तास जवळचं धूसर दिसतं, सोबत कोणीतरी आणाच.

सोबत कुठून आणायची? सोमनाथला, तिच्या नवऱ्याला, जाऊन तीन वर्षं झालेली. मूलबाळ नाही. शेजारी सगळे भाडेकरू, तोंडओळख होते न होते तोच सामान टेम्पोत. ललिताने दोनदा तारीख पुढे ढकलली. तिसऱ्यांदा गेली आणि काउंटरवरच्या झेबाला खुशाल म्हणाली, "मालक गाडी लावतायत." सोबतच्या माणसाचा नंबर विचारला, तर सोमनाथचा लिहून दिला. त्याचा बटणांचा फोन तिच्याच पर्समध्ये होता. ती तो रोज चार्ज करायची. त्यावर कोणाचा कॉल यायचा नाही.

थेंब घातले. तासाभराने झेबाने विचारलं, काका अजून कसे आले नाहीत?

"जागा मिळत नसेल. मागे अशीच जागा शोधत चांदवडला पोचले होते. येताना कांद्याचं पोतं घेऊन आले."

झेबा हसली.

आत डॉक्टरांनी डोळ्याचा फोटो भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवला. नारिंगी गोळा, त्यात लाल शिरांचं जाळं. साखरेने बारीक शिरांच्या भिंती कमजोर झाल्यात, म्हणाले, त्यांना फुगे आलेत. ही सुरुवात आहे, नजरेला अजून काही जाणवत नाही. साखर, बीपी सांभाळायचं आणि सहा महिन्यांनी न चुकता दाखवायचं. उजव्या डोळ्यात चार लाल ठिपके आहेत.

"पाच," ललिता म्हणाली. "खालच्या शिरेच्या वळणावर बघा."

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. पाचवा होता.

जगाच्या चुका पकडल्या, आणि ही तिच्याच डोळ्यात बसून होती. तिला पत्ता नव्हता. ती बाहेर येऊन बाकावर बसली. मालकांनाही समजावून सांग, असं डॉक्टरांनी झेबाला सांगितलं. तिने नंबर लावला.

सोमनाथने हौसेने कोंबड्याची रिंगटोन ठेवली होती. भर दुपारी दवाखान्यात कोंबडा आरवला. लोक बाकांखाली बघायला लागले. धूसर डोळ्यांना पर्सची चेन सापडेना. कोंबडा आपला आरवतोय.

झेबाने फोन ठेवला नाही. ललिताने उचलला, तेव्हा ती चार पावलांवरून फोनमध्येच हळू बोलली, "काका, पेशंटला सहा महिन्यांनी परत आणायचंय. आणाल ना?"

थाप मारायला ललिताला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"ते नाहीयेत गं," ती शेवटी फोनमध्ये म्हणाली. "मी आणते तिला."

झेबाने कार्डावर तारीख लिहून आणून दिली, आणि दिसायला लागल्याशिवाय उठायचं नाही, असं सांगून गेली. ललिता कार्ड डोळ्यांपुढे धरून बसली. बाक रिकामे होत गेले, सोबतची माणसं आपापली माणसं घेऊन गेली. तारीख वाचता आली तेव्हा ती उठली.