दोन विमानांमधली गाडी

माझ्या ब्रेकच्या पेडलवरचे रबर डाव्या कडेपेक्षा उजव्या कडेला चार मिलिमीटर जास्त झिजले आहे. इतकी झीज एका दिवसात होत नाही. एकच पाय, एकाच सवयीने, बारा वर्षे तिथे पडत राहिला तर होते. तो पाय स्तामेन्काचा. आणि मी तिची निळी गाडी, सर्बियातल्या निश शहरातली, वय वर्षे अडतीस.

मित्रांनो, माझा जन्म क्रागुयेवाट्सच्या कारखान्यात झाला. स्तामेन्काचा नवरा तिहोमिर मला घरी घेऊन आला, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, पेर्सिदाबाईंनी, माझ्या चाकांपुढे तांब्याभर पाणी ओतले. आमच्याकडे कोणी प्रवासाला किंवा परीक्षेला निघाले की असे पाणी ओततात. वाट पाण्यासारखी मोकळी वाहावी, एवढाच हेतू. तेव्हापासून यंदाच्या जानेवारीपर्यंत त्या पाण्यावाचून मी कधी फाटक ओलांडले नाही.

तिहोमिरने माझी टॅक्सी केली. तो गेला आणि मी सहा वर्षे पडवीत उभी राहिले. टायर बसले, दारांना गंज चढला, मागच्या सीटवर एका कोंबडीने संसार थाटला. ते दिवस मी फारसे आठवत नाही.

मग एकदा स्तामेन्का कोणाला तरी सोडायला विमानतळावर गेली. आमचा विमानतळ लहान. एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट पाहणारे प्रवासी तिथे चार-चार तास लोखंडी खुर्च्यांवर बसून असतात. घरी येताच तिने पर्स आपटली.

"आपल्या गावात येऊन ही माणसं भिंत बघून परत जातात? लाज वाटली मला!"

"मग काय, त्यांना घरी जेवायला आणणार आहेस?" पेर्सिदाबाईंनी विचारले.

"आणणार! त्या कोंबडीला आधी उतरवा."

असे माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. स्तामेन्का गाडी चालवी. तिची मुलगी नेवेना शेजारी बसून परदेशी पाहुण्यांशी बोले. पुढच्या काचेखाली लाल टोमॅटोच्या आकाराचे, स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ चिकटवलेले असे. पाहुणा बसला की त्याच्या विमानाच्या वेळेतून दीड तास वजा करायचा आणि टोमॅटोला चावी द्यायची. मग किल्ल्याचा दरवाजा, दह्याबरोबर पापुद्र्यांचा, चीज भरलेला गरम बुरेक, तांबटांची गल्ली, नदीकाठचा एक फेरफटका आणि शेवटी आमच्या अंगणात कॉफी. टोमॅटो वाजला की कप खाली. आजवर चारशे अकरा पाहुणे मी फिरवले. एकाचेही विमान चुकले नाही. हे सांगताना माझी पत्र्याची छाती फुगते, आणि का फुगू नये?

पण मोजमाप खोटे बोलत नाही. पूर्वी सिग्नलला मी पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर अलीकडे थांबत असे. मग वीतभर. गेल्या वर्षापासून पट्ट्यावरच. माझे ब्रेक ठीक होते. पाय उशिरा पडत होता. माझ्या समोरच्या कप्प्यात, हातमोज्यांच्या खाली, डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून ठेवली होती. डोळ्याच्या पडद्याची झीज. भरून येणार नाही. गाडी चालवणे थांबवावे. ती चिठ्ठी वर्षभर माझ्याजवळ होती. नेवेनाला तिचा पत्ता नव्हता. तिने एवढेच दोनदा विचारले होते, "आई, आज मी चालवू?"

"मी मेल्यावर चालव," हे दोन्ही वेळचे उत्तर.

जानेवारीत मी फाटकातून बाहेर पडले ती थेट समोरच्या विजेच्या खांबाला घासले. स्तामेन्का उतरली आणि ओरडली, "वन्सं, तुमचं पाणी गोठलं! चाकं घसरली!"

पेर्सिदाबाईंनी खाली पाहिले. बर्फाचा पातळ पापुद्रा होता खरा. पण माझी चाके त्याच्या बाजूने गेली होती. मला ते सांगता आले नाही. त्या दिवसापासून त्यांनी पाणी ओतणे सोडले. मी निघाले की रिकामा तांब्या पोटाशी धरून त्या दारात उभ्या राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आपल्या हातून माणसे मरता मरता वाचली असे समजून झुरत होती.

एप्रिलमध्ये पोर्तुगालचे आन्सेल्मो नावाचे आजोबा आले. पियानो दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नातीच्या बारशाला निघाले होते, मांडीवर चांदीच्या चमच्याची डबी. फेरी छान झाली. बुरेकची चव घेऊन त्यांनी डोळे मिटले. मग आमच्या गल्लीच्या वळणावर शेजारचा ब्लागोये पातीच्या कांद्याची हातगाडी घेऊन रस्ता ओलांडू लागला.

नेवेना किंचाळली, "आई!"

तेव्हा कुठे पाय पडला. मी होते नव्हते तेवढे बळ लावून थांबले. ब्लागोयेच्या गुडघ्यात आणि माझ्या बंपरमध्ये चार बोटांचे अंतर उरले.

"अगं स्तामेन्का, कांदे विकत घेतात, चिरडत नाहीत!" तो हसत म्हणाला, पण हातगाडी त्याने चटकन मागे ओढली.

रस्ता कोरडा होता. ऊन पडले होते.

अंगणात आन्सेल्मो आजोबांना चमचाभर मुरंबा, पाणी आणि कॉफी मिळाली. स्तामेन्काने आपल्या कपाला हात लावला नाही. उघड्या फाटकातून ती माझ्याकडे पाहत होती. टोमॅटो वाजला. ती उठली नाही.

"आई, विमान," नेवेना हळूच म्हणाली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेल द्या, पुसून ठेवा, पावसात सोडू नका. आमची झीज वर दिसते, कोणीही मोजू शकते. पण आम्हाला चालवणाऱ्या माणसांकडेही लक्ष असू द्या. ती आपली झीज कप्प्यात घडी घालून ठेवतात.

स्तामेन्का माझ्याजवळ आली. कप्पा उघडून तिने चिठ्ठी काढली आणि नेवेनाच्या हातात दिली. मग किल्ली दिली. नेवेनाने चिठ्ठी वाचली, आईकडे पाहिले आणि माझ्या स्टिअरिंगमागे बसली. तिचा पाय ब्रेकच्या पेडलवर आला, कमी झिजलेल्या डाव्या कडेला. आन्सेल्मो आजोबा डबी सांभाळत मागे बसले.

स्तामेन्का दाराकडे वळली.

"वन्सं, तांब्या भरा. जानेवारीत तुमचं पाणी गोठलं म्हणून नव्हतं झालं ते. मला खांब दिसलाच नव्हता. आजपासून गाडी नेवेना चालवणार, मी नाही."