खालून घेतलेलं चित्र

धनराज सरांनी रिमोट दाबला आणि टीव्हीतला हिरो उडी मारता मारता हवेतच थांबला.

"सांगा, हा एवढा उंच काऊन दिसते?"

"बुटं उंच हायेत सर," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्गात हशा पिकला.

"कॅमेरा खाली हाय," ज्योत्स्ना म्हणाली. "जमिनीपाशी. म्हणून तो आपल्याले वरून पाहून राह्यला."

सर खूश झाले. गडचिरोलीच्या युवक महोत्सवात यंदा कॉलेजांनी स्वतः केलेल्या गाण्यांच्या चित्रफिती मागवल्या होत्या. त्यासाठी आठवडाभर मराठीचा तास बाजूला सारून, सीडीवरची गाणी थांबवून थांबवून पाहणं चाललं होतं. ठोका पडला की चित्र बदलतं, नाच येत नसला की नुसते पाय दाखवतात, हे पोरांना कळू लागलं होतं. आणि एवढं कळल्यावर सगळ्यांनी ठरवलं काय, तर हुबेहूब तसंच करायचं. धरणावरची बाग, काळे गॉगल आणि धावणारी हिरोईन. ज्योत्स्नाला ते ऐकूनच चीड आली.

"त्यापेक्षा आपल्या तलावावरच्या बायांचं गाणं घेऊ," ती म्हणाली. "पाण्यात जाळी ढकलत जाताना म्हणतात ते. जाळं उचललं का चित्र बदलायचं. ठोका आयताच हाय."

सोनूनं नाक दाबलं. त्याच्या वडिलांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. कॅमेरा त्याचा, म्हणून वर्गात शब्दही त्याचाच चालायचा. "मासोळीच्या वासाचं गाणं पाह्यले कोण येईन?"

हे दाबलेलं नाक ज्योत्स्नाच्या ओळखीचं होतं. तिची आई कमळा बाजाराला मासे नेताना टोपलीवर ओलं पोतं झाकायची आणि कॉलेजच्या मागच्या कुंपणाकडून, चिखलातून वळसा घालून जायची. पोरीला कोणी काही बोलू नये म्हणून. ज्योत्स्नाही आजवर गप्प राहिली होती. आज मात्र तिचं डोकं फिरलं.

"टीव्हीतून वास येते का रे? मंग मी हिरोईन होत नाई. धावणारी दुसरी पाह्य."

दुसरी कुठून आणणार? कॅमेऱ्यासमोर उभं राहायला घरून होकार मिळालेली ती एकटीच होती. सोनूनं सरांकडे पाहिलं. सर हसू दाबत टीव्ही बंद करू लागले, आणि तलाव ठरला.

रविवारी सगळे तलावाच्या पाळीवर पोचले तर भलताच घोटाळा. शूटिंग म्हणजे लग्न, एवढंच बायांना ठाऊक. सगळ्या जणी ठेवणीतली लुगडी नेसून, केसांना तेल चोपडून रांगेत ताठ उभ्या होत्या. कॅमेरा सुरू झाला तसा त्यांनी श्वासही रोखला. कमळाच्या हातात तर ओवाळणीचं ताट होतं.

"माय, जाळं कुठी हाय?"

"घरी. तुह्या कॉलेजातले सारे पाह्यतीन, त्याच्यात जाळं कायले?" मग कमळा हळूच म्हणाली, "तुले लाज वाटते, मले माईत हाय."

ज्योत्स्नाला वाटलं, पाय पकडावेत हिचे. "वाटत होती," ती म्हणाली. "आता नाई वाटत."

कमळानं एका पोरीला जाळी आणायला पिटाळलं. सोनू वैतागला. "बाई, काठावरच उभ्या राहा ना. चांगल्या दिसून राह्यल्या. चिखलात कायले जाता?"

"तू काठावर राह्य बाबू," कमळा म्हणाली. "आमचं काम पाण्यात हाय."

तिनं ताट खाली ठेवलं, ठेवणीतल्या लुगड्याचा कासोटा मारला आणि जाळं घेऊन सरळ पाण्यात शिरली. तिच्यामागे साऱ्या बाया. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर गाणं आपसूक सुरू झालं.

ज्योत्स्नानं सोनूच्या हातातून कॅमेरा काढून घेतला, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला आणि काठच्या चिखलात पालथी पडली. कॅमेरा पार पाण्याच्या पातळीला टेकवला.

"अवो, माह्या बापाचा कॅमेरा हाय तो!" सोनूनं कपाळावर हात मारला.

महोत्सवात नंबर आला नाही. सर चरफडले आणि त्यांनी ती फीत कॉलेजच्या सभागृहात लावली. ज्योत्स्नानं आईला ओढतच आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. ठोका पडला, जाळं उठलं आणि पडदाभर कमळा उभी राहिली. मागे नुसतं आभाळ होतं, जाळ्यातून पाणी गळत होतं, आणि ती साऱ्या सभागृहाकडे वरून पाहत होती. कोणी हसलं नाही. सोनूही नाही.

"एवढी मोठी हाव का मी?" कमळानं विचारलं.

"कॅमेरा खाली होता, माय."

कमळा पडद्याकडे पाहतच राहिली. "नाई," ती म्हणाली. "हावच मी एवढी."

पुढच्या बाजारच्या दिवशी मराठीचा तास चालू होता. खिडकीतून फाटकासमोरचा डांबरी रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यानं कमळा चालली होती. डोक्यावर टोपली होती, टोपलीवर पोतं नव्हतं. वाऱ्याबरोबर मासोळीचा वास वर्गात आला. ज्योत्स्ना उठली आणि तिनं दुसरी खिडकीही उघडली.