भरलेली वॉटरबॅग

सहदेवच्या ऑफिसातून घरासाठी कर्ज मंजूर झालं आणि घरातल्या प्रत्येकाला एकाएकी शिक्षणातलं कळायला लागलं.

तोवर शिक्षण म्हणजे सहदेवच्या लेखी बढतीसाठी द्यायची खात्यातली परीक्षा होती. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, प्रेमाताईच्या लेखी शिक्षण म्हणजे मुलीला लावायचा टाय. पण आता सहदेव म्हणाला, "घर नंतर बघू. आधी शाळा बघू, मग शाळेच्या जवळ घर." हे वाक्य त्याने कँटीनमध्ये कुणाकडून तरी उचललं होतं. मालनला ते लगेच कळलं. उसनी वाक्यं बोलताना तिचा नवरा चष्मा काढून हातात धरायचा.

अंधेरीला चाळीतल्या दीड खोलीत ती चौघं राहायची. मालन, सहदेव, सासू रुक्मिणी आणि सहा वर्षांची मीरा. संडास गॅलरीच्या टोकाला, सात बिऱ्हाडांत मिळून. सासऱ्यांनी गिरणीचा संप फसल्यावर जी मालवणची वाट धरली ती धरलीच. सासू मात्र नातीपायी इथेच राहिली होती. मीरा पहिलीत होती, एका बंगल्यात भरणाऱ्या इंग्रजी शाळेत. शाळेला नाव संताचं होतं आणि ती चालवत होता एक बिल्डर.

मीराला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला जाताना पोर ओठ चावून रडायची. रुक्मिणी धन्या-जिऱ्याचं पाणी द्यायची, डॉक्टर गोळ्या द्यायचे, आणि दोघंही एकच सांगायची, पोरीला पाणी पाजा. मालन रोज सकाळी तिची निळी वॉटरबॅग गळ्यापर्यंत भरायची. दुपारी ती तशीच परत यायची, फक्त गरम होऊन.

"का गं प्यायली नाहीस?"

"तहान नाही लागली."

हे उत्तर मालनला पाठ होतं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत ती स्वतः हेच उत्तर देत आली होती. पुढे एक दिवस असा आला की शाळेमागच्या काजूच्या झाडांआड लघवीला जाणं नको झालं, आणि मग शाळाच नको झाली. पुढचं सगळं शिक्षण तिने वाचनालयाच्या पुस्तकांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं होतं. पुड्यांत गोष्टीचा शेवट कधीच मिळत नसे, एवढी एकच तक्रार होती तिची.

ती मीराच्या शाळेत जाऊन बघून आली. मुलींसाठी एक मुतारी, तिला कडी नाही, आणि मुलगे दार ढकलून पळतात. बाईंना सांगितलं तर बाई म्हणाल्या, मुलींनी घरूनच जाऊन यावं.

"म्हणून तर नवी शाळा बघतोय ना," सहदेव म्हणाला. मालनला हायसं वाटलं. वेडीच होती ती.

कारण शाळा बघायला सहदेवला सुट्टी मिळायची रविवारी, आणि रविवारी शाळा असते बंद. पण असल्या क्षुल्लक गोष्टीने थांबेल तो सहदेव कसला! घाटकोपरला एजंट चंद्रप्रकाशबरोबर तो कुलूप लावलेल्या फाटकापुढे उभा राहिला, कमानी मोजल्या, कोनशिलेवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "स्टँडर्ड चांगलं दिसतंय."

"चांगलं? साहेब, एकदम झकास!" चंद्रप्रकाश म्हणाला. गळ्यात सोन्याची साखळी, बगलेत नकाशांची सुरळी. "भाभी, तुम्हाला सांगतो, किचनमध्ये उभं राहिलात ना, तर शाळेची घंटा ऐकू येणार. पोरगी लेट होणारच नाही यार."

"आणि पोरगी शाळेतून ओरडली तर?" मालनने विचारलं. "ते येईल का ऐकू?"

चंद्रप्रकाश हसला. बायकांनी काही विचारलं की हसायचं, हे त्याच्या धंद्यात बसत होतं.

शेजारी अजून दोन कुटुंबं त्याच फाटकाच्या गजांना धरून आत बघत होती. सगळ्यांचे बाप इस्त्रीच्या शर्टात, सगळ्यांच्या आया गप्प. प्राणिसंग्रहालयात जनावरं सुट्टीवर गेली आणि माणसं नुसते पिंजरे बघून खूश झाली, असा तो देखावा मालनला वाटला.

मुलुंडचं मात्र तसं नव्हतं. मुलुंडला प्रेमाताई होती. तिची नलिनी तिथल्या नामांकित शाळेत चौथीत होती, वर्गात पहिली होती, आणि हे न विचारता कळायची सोय प्रेमाताईने करून ठेवली होती. तिने हेडबाईंची भेट ठरवली, तीही शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा चालू असताना. सहदेवने रजा टाकली.

शाळा पांढरीशुभ्र होती. समोर हिरवळ होती आणि हिरवळीवर चालू नये अशी पाटी होती. हेडबाईंनी सहदेवला इंग्रजीत प्रश्न विचारले. त्याने चष्मा काढला. मीराने कविता म्हणून दाखवली. मग हेडबाईंनी मालनकडे बघून विचारलं, काही शंका आहे का.

"मुलींची मुतारी कुठे आहे?" मालनने सरळ मराठीत विचारलं. "मला बघायची आहे."

हेडबाईंनी भुवया उंचावून प्रेमाताईकडे पाहिलं. प्रेमाताईचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"शी वॉन्ट्स टू सी द लायब्ररी," प्रेमाताई म्हणाली.

मग सगळ्यांनी मिळून लायब्ररी बघितली. काचेची कपाटं होती, कपाटांना कुलपं होती, आत पुस्तकं अशी उभी होती जणू कुणी त्यांना शिक्षा केली आहे. सहदेव म्हणाला, "वा!"

शाळा सुटल्यावर नलिनी व्हरांड्यात भेटली. दोन घट्ट वेण्या, टाय, गळ्यात वॉटरबॅग. मालनने सहज ती उचलून पाहिली. काठोकाठ भरलेली.

"नलू, मला जरा बाथरूम दाखव गं बाळा."

नलिनीने दाखवली. पांढऱ्या फरश्या, भिंतीवर आरसा, आणि दाराला हे भलंमोठं कुलूप. मालनने दारावरच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. वापरलेलीच नव्हती तर घाण कुठून होणार?

"किल्ली आयाकडे असते मामी. साहेब लोक येतात ना बघायला, तेव्हा उघडतात. एरवी घाण होतं."

"मग तू काय करतेस?"

"मी पाणीच पीत नाही." नलिनीचा चेहरा उजळला. "आधी पोटात दुखायचं, आता सवय झाली. आमच्यात शर्यत असते, कोण किती थांबतं. माझा पहिला नंबर आहे!"

मालनने नलिनीची सुटलेली रिबीन नीट बांधली, विनाकारण दोनदा.

प्रेमाताईच्या घरी पोहोचल्यावर नलिनीने दप्तर दारात फेकलं, बूटही न काढता ती धावत मोरीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

"बघितलंस ना वहिनी?" प्रेमाताई ताटं घेता घेता म्हणाली. "हातपाय धुतल्याशिवाय पानावर बसायची नाही. ही शाळेची शिस्त हो. आपल्या त्या म्युनिसिपालटीच्या शाळांत होतं का असलं काही?"

मालनने ताटातल्या वरणात तूप सोडलं. पोरगी मोरीतून ऐकत असताना आईला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

तिसरी जागा बोरिवलीची, गोराईच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घर चांगलं होतं. वारा इतका की सहदेवचे केस उडाले आणि टक्कल उघडं पडलं. पण खिडकीतून मागे एक शाळा दिसत होती. मराठी. अर्धी पक्की, अर्धी पत्र्याची, पलीकडे म्हशींचा गोठा. चंद्रप्रकाशने घाईघाईने खिडकी लावून घेतली.

"तिकडे बघू नका साहेब. ती आपल्या लोकांसाठी नाय."

सहदेवने मान डोलावली. मालनने खिडकी ध्यानात ठेवली.

मंगळवारी मीराला सासूकडे सोपवून ती एकटीच बोरिवलीला गेली. मधली सुट्टी चालू होती. शाळा होती तशीच होती, उगाच गोड मानून घेण्यासारखं काही नव्हतं. एक बाई वर्गातून खेकसत होत्या, भिंतीला पोपडे आले होते, वाऱ्याची दिशा बदलली की शेणाचा वास येत होता. पण मागच्या बाजूने मुलींची एक झुंड हसत, एकमेकींना ढकलत बाहेर येत होती, ओले हात स्कर्टला पुसत.

मालन तिकडे वळली. ओळीने चार दारं. पिंपात पाणी, त्यावर डबा. ती आत गेली आणि कडी लावली. कडी लागली. तिने ती काढून पुन्हा लावली. मग तिथेच उभी राहून, नाकाला पदर लावून, ती एकटीच हसली.

"कोण पाहिजे हो?" बाहेर आल्यावर खेकसणाऱ्या बाईंनी विचारलं.

"कुणी नको. बघायला आले होते."

"मुतारी?"

"हो."

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कडीसाठी मी तीन वर्षं भांडले," त्या म्हणाल्या आणि परत वर्गाकडे जाऊन खेकसायला लागल्या.

रविवारी प्रेमाताई पेढे घेऊन अंधेरीला हजर. मुलुंडला त्या शाळेजवळच्या घरासाठी दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचा असं सहदेवने तिला परस्पर सांगून टाकलं होतं.

"मुलुंड नको," मालन म्हणाली. "बोरिवलीचं घ्या."

"अगं, पण तिथे शाळा कुठाय?" सहदेवने विचारलं.

"खिडकीमागे आहे ती. मी बघून आले. मुतारी चांगली आहे, आतून कडी लागते."

सहदेवने हातातला पेढा खाली ठेवला. प्रेमाताईला हसू आवरेना.

"ऐकलंस रे सहदेव? मुतारी बघून कुणी घर घेतं का गं वहिनी? लोक हसतील!"

"आपण तेच तर करतोय प्रेमाताई," मालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण धार आली होती. "ह्यांनी चंद्रप्रकाशला पहिला प्रश्न कुठला विचारला? ब्लॉक सेल्फ-कंटेन्ड आहे ना? संडास आत आहे ना? का, तर ऑफिसला जाणाऱ्या माणसाला रांगेत डबा घेऊन उभं राहायची लाज वाटते. बाप्याला घरात आतला संडास हवा, त्यासाठी कर्ज काढायचं. आणि पोरीने दिवसभर दाबून बसायचं, का, तर बाहेर हिरवळ आहे."

"आमच्या शाळेत फरश्या आहेत म्हटलं, पांढऱ्या!"

"आहेत. आणि त्यांना कुलूप आहे. नलिनीला विचारा, ती पाणी का पीत नाही. तिथे मुलींची शर्यत लागते, कोण किती वेळ थांबतं. तिचा त्यातही पहिला नंबर आहे."

बाहेर गॅलरीत मीरा कुणाशी तरी भांडत होती. प्रेमाताईने पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

"हे बघ, मुलं कायपण बोलतात," सहदेव पुटपुटला. "आणि मराठी शाळा... ऑफिसात लोकांना काय सांगू मी?"

इतका वेळ तांदूळ निवडत बसलेल्या रुक्मिणीने सूप बाजूला ठेवलं. ती अशा चर्चांत कधी पडत नसे, कारण कुणी तिला विचारतच नसे.

"सहदेवा, माजा ऐक. चेडू लघवेक जाताना रडता, ता तुका आयकाक येता काय? तू तेव्हा हापिसात." तिने सुनेकडे पाहिलं. "आमका निदान काजीचा रान तरी होता. हेंका काय आसा? मालन सांगता थंयच घर घे. आणि लोकांका काय सांगूचा ता माका विचारू नको, कँटीनीत विचार."

सहदेवने चष्मा काढला, पण बोलायला वाक्य सापडेना, म्हणून परत घातला.

निघताना प्रेमाताई उंबऱ्यात थांबली. चपलेत पाय घालायला तिला फार वेळ लागला.

"वहिनी, ती शर्यत... नलू खरंच म्हणाली?"

"मामीशी खोटं कशाला बोलेल ती?"

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही नंबर विचारत होतात ना," मालन म्हणाली आणि बोलून गेल्यावर तिला जरा जास्तच झालं असं वाटलं. तिने आत जाऊन उरलेल्या धन्या-जिऱ्याची पुडी आणली आणि नणंदेच्या पिशवीत टाकली. "रात्री भिजवा. सकाळी गाळून द्या."

जूनमध्ये ती चौघं बोरिवलीला आली. संडास आत होता. पहिले आठ दिवस सहदेव त्यात पेपर घेऊन बसायचा आणि मोठ्या समाधानाने बाहेर यायचा. ऑफिसात तो म्हणू लागला होता, "आम्ही मुद्दाम मातृभाषेत घातलं. पाया पक्का होतो." चष्मा अर्थातच हातात. ऐकणाऱ्यांपैकी एक-दोघांनी तेच वाक्य पुढे आपापल्या घरी नेलं असणार.

मीराच्या शाळेचा पहिला दिवस मालनने खिडकीत काढला. घंटा ऐकू येत होती, घाटकोपरला मारलेली चंद्रप्रकाशची थाप इथे खरी निघाली. दुपारी पोरगी चिखलाने भरलेले पाय घेऊन आली. मालनने आधी वॉटरबॅग उचलली. रिकामी. झाकणही नव्हतं.

"सगळं पाणी प्यायलीस?" तिने शक्य तितकं सहज विचारलं.

"छे! शकूच्या डोक्यावर ओतलं. तिने आधी माझी वेणी ओढली."

"झाकण?"

"म्हशीने खाल्लं बहुतेक."

"मग दिवसभर काय, तहानलेलीच राहिलीस?"

"नाही गं, नळाचं प्यायले. खूप."

रुक्मिणी दारात येऊन उभी राहिली होती. मालनने चिखलाचे पाय धुवायला घेतले, मान खाली घालून.

"आणि मग गेलीस ना?"

"कुठे?" मीराने विचारलं. "मुतारीत होय? गेले की, दोनदा."