अवेळी वाजलेला भोंगा

दचकू नका, मी भोंगा. वाजत नाही, नुसता बोलतोय. कासारवाडीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या छपरावर माझा जन्म गेला. सध्या एका जुन्या शाळेच्या खोलीत पडून आहे आणि खरं सांगायचं तर भीतीने माझी पाचावर धारण बसली आहे.

एके काळी माझा रुबाब होता. मी वाजलो की एक शिफ्ट आत जायची, दुसरी बाहेर पडायची. माझ्या आवाजावर चाळीत चुली पेटायच्या. पोर कधी झालं असं विचारलं, तर सुईण सांगायची, "दुसऱ्या भोंग्याला."

पण माझा एक आवाज कोणालाच नको असायचा. शिफ्टची वेळ नसताना मी लांबलचक वाजलो, की समजायचं, आत कोणीतरी मशीनमध्ये सापडलं. मग बाया हातातलं टाकून गेटकडे धावायच्या. त्यांचे चेहरे मला वरून दिसायचे. तेव्हापासून मी माझ्याच आवाजाला भितो.

पुढे कंपनी बंद पडली. मशिनं भंगारात गेली, मीही टेम्पोत चढलो होतो. पण हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसात वर्षानुवर्षं माझं बटण दाबणाऱ्या नागसेनभाऊंनी मला खाली उतरवून घेतलं. त्यांनी आणि शाळेतल्या सुमनताईंनी मिळून कामगार इतिहास मंडळ काढलं. जुने बिल्ले, जेवणाचे डबे, युनियनचे फलक आणि मी, असा आमचा संसार या खोलीत थाटला.

आता ही शाळा पाडायची आहे. मंडळाला दुसरी जागा आणि थोडा निधी द्यायचा का, यावर प्रभाग समितीत चर्चा ठरली. जागा नाही मिळाली तर मंडळ गुंडाळणार आणि मी भट्टीत जाणार. नागसेनभाऊ मला रिक्षात घालून प्रभाग कार्यालयात सभेला घेऊन गेले.

"इतिहास म्हणजे किल्ले, तोफा," नगरसेवक रविराज म्हणाले. "हे तर भंगार आहे राव. याला कशाला जागा?"

नगरसेविका अनिताताई म्हणाल्या, "माझ्या वॉर्डातल्या पोरींना अभ्यासाला कोपरा नाही. खोली एकच आहे, ती अभ्यासिकेला द्या." त्यांचं चुकतंय असं मला म्हणवेना.

रविराज हसले. "नागसेनभाऊ, चालतो तरी का हा? वाजवून दाखवा."

नको, नको, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो. भर सकाळ होती, ना शिफ्ट भरायची वेळ ना सुटायची. नागसेनभाऊंनी मला व्हरांड्यात ठेवलं, वायर जोडली आणि बटण दाबलं.

सगळे कानांवर हात ठेवून हसत होते. तेवढ्यात फाटकातून गवराबाई धावत आल्या. कार्यालयामागच्या चाळीतल्या म्हाताऱ्या त्या. पायात चपला नाहीत, दोन्ही हात भाकरीच्या पिठाने भरलेले. त्यांचे मालक धोंडीबा प्रेस खात्यात मशीनमध्ये सापडून गेले, त्या दिवशीही मीच वाजलो होतो.

"कंच्या खात्यात झालं?" त्या धापा टाकत विचारत होत्या. "कोन सापडलं?"

नागसेनभाऊ पुढे झाले. "कोणी नाही, काकू. सगळे धड आहेत. कंपनी कधीच बंद झाली आपली."

गवराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग वाजवला कशापायी?"

रविराजनी त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवून पाणी दिलं. अनिताताई त्यांच्या हातांचं पीठ पुसत राहिल्या. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

आता शाळेच्या आवारात जेसीबी येऊन उभा आहे. काल सुमनताई आनंदाने सांगत होत्या, की समितीच्या सभासदांचं मन वळलंय, जागा मिळेल. पण सभापतींची एक हौस आहे. उद्घाटनाला भोंगा वाजवायचा, आणि पुढे लोक बघायला येतील म्हणून रोज वाजवायचा. ते ऐकून नागसेनभाऊंनी माझी वायर काढून घरी नेली. पण वायर काय, कुठल्याही दुकानात मिळते.

म्हणून समितीतल्या तुम्हा सगळ्यांपुढे हात जोडतो, हात नसले तरी. भट्टीची मला भीती वाटते, जागा द्या. पोरींच्या अभ्यासाशेजारी एक कोपरा दिलात तरी पुरे, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त गवराबाई मागच्या चाळीत भाकरी थापताहेत तोवर माझं बटण दाबू नका.