पाटीवरचा ‘फक्त आज’

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि चौकट सुतळीने बांधलेली आहे. कामरगावच्या आठवडी बाजारात मी लसणाच्या पोत्याला टेकून उभी आहे. माझ्यावर एकच ओळ आहे. ती खोटी ठरली आहे.

माझ्यावर सुकेशनी बाराखडी शिकली. पुढे ती वाशीमला कॉलेजात गेली, तेव्हा मी माळ्यावर पडून राहिले. लग्नानंतर तिने मला खाली काढले, पुसले आणि बाजारात आणले. माहेरची, रिठदची हळद दळून ती विकू लागली होती.

तिचा नवरा धनराज दरवर्षी ऊसतोडीला जातो. तो म्हणाला होता, “दिवाळीपावतर गिऱ्हाईक बांधलं गेलं, तं तू अन् पोरगी घरीच रहा. नाईतं तिघंबी जाऊ.”

पोरगी दीड वर्षाची होती. खडू दिसला की तोंडात घालायची. सुकेशनीचे एक बोट नेहमी तिच्या तोंडात, खडू काढायला. ऊसफडावरच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उसाचे ट्रॅक्टर, उघडी विहीर, हे सगळे ती मनात आधीच पाहून बसली होती.

धंदा शिकवायला कोणी नव्हते. पोरीला थोपटत ती मोबाईलवर व्हिडिओ पाहायची. त्यातल्या एकाने सांगितले की गिऱ्हाइकाला घाई लावा. तिने माझ्यावर ठळक लिहिले, ‘फक्त आज! एकावर एक पुडी मोफत.’

पहिल्या बाजारी चार जणी थांबल्या. दुसऱ्या बाजारी तिने तेच लिहिले. तिसऱ्या बाजारी त्याच चौघी आल्या आणि त्यांतली एक म्हातारी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काओ पोरी, तुहा आज सरते तरी कधी? मागच्या बाजारीबी आजच होता, त्याच्या आधीबी आजच!”

“हिच्या घरी कॅलेंडर नाई वाटते,” दुसरी म्हणाली. सगळे हसले. चारही जणी पुढे निघून गेल्या.

शेजारी लसूण विकणाऱ्या गोमतीबाईही हसल्या. मग सुकेशनीचा चेहरा पाहून तिच्याजवळ सरकल्या.

“मोबाईलमध्ये असंच सांगतेत, मावशी.”

“मोबाईलवाला बाजाराले येते काय वो? इथं तेच लोक दर आठवड्याले येतेत. त्यायले इचार.”

मित्रांनो, खोटे तिच्या मनात नव्हते. पण ते माझ्या अंगावर होते. मला फार लाज वाटली.

पुढच्या बाजारी तिने मला कोरीच ठेवले. न घेता जाणाऱ्या बायांना ती विचारू लागली, “काहून नाई घेत, काकू?” एक म्हणाली, “पावडरीत काय मिसळलं, आमाले काय मालूम?” दुसरीला मोठी पुडी नको होती, लेकराच्या दुधापुरती हवी होती.

मग तिने हळकुंडे आणि खलबत्ता आणला. लहान पुड्या बांधल्या. माझ्यावर लिहिले, ‘आधी हळकुंड पाहा, मग पावडर घ्या.’ ती लोकांसमोर कुटायची, वास द्यायची. ती म्हातारीसुद्धा नाक पुढे करून म्हणाली, “हं, हा वास बराबर हाय!”

गिऱ्हाईक परतू लागले, पण हळूहळू. दिवाळी मात्र हळू आली नाही. सुरुवातीचे तीन बाजार वाया गेले होते. नेमके तेवढेच कमी पडले, असे मला वाटते.

दिवाळीआधीच्या शेवटच्या बाजारी हळद लवकर संपली. रिकाम्या हाताने जाणाऱ्यांसाठी सुकेशनीने आनंदाने लिहिले, ‘पुढच्या बाजारीही इथेच.’ खाली पोरीने एक वाकडी रेघ ओढली. दोन दिवसांनी ऊसतोड टोळीचा ट्रक आला. धनराज खाली पाहत म्हणाला, “टोळीले दोघायचा शब्द देऊन बसलो, आता नाई म्हनता येत नाई.” मला गोमतीबाईंकडे देऊन सुकेशनी पोरीला कडेवर घेऊन चढली.

आज ती म्हातारी आली होती. सोबत दोन सुना होत्या.

“हळदवाली कुठी गेली वो?”

गोमतीबाईंनी माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही विकायला बसाल. तेव्हा पाटीवर लिहिण्याआधी समोरच्याचे ऐका. आणि कुणाचा माल आवडला, तर त्याला वेळेवर सांगा. विकणारी माणसे आमच्यासारखी दगडाची नसतात, वाट पाहत टिकत नाहीत.

एवढे एक करा. मला पुसू नका. खालची वाकडी रेघ तर मुळीच पुसू नका.