अंदेमेची वटवाघळं

मिन्त्साने दुसरी बायको आणली तेव्हा पहिलीने, अंदेमेने, तिला घरात घेतलं. तिचं नाव ओयाने. वयाने लहान, सडकेकडच्या गावातली. ना वल्हं धरता येत होतं, ना पोहता. पण कसाव्याचे कंद झटपट सोलायची, 'ताई' म्हणून हाक मारायची. एवढं अंदेमेने गिळलं.

गिळवेना ते संध्याकाळचं. दिवस मावळला की मिन्त्सा ओयानेला होडीत बसवून इविंदो नदीच्या वळणावर न्यायचा, वटवाघळं दाखवायला. तिथल्या झाडांवर हातोड्यासारख्या तोंडाचे मोठाले नर रांगेने लटकून माद्यांना हाका घालत. ती जागा अंदेमेची. नदीकाठी वाढलेली ती. लग्नानंतर तिनेच नवऱ्याला तिथे पहिल्यांदा नेलं होतं.

"काय गं, नवरा हल्ली वटवाघळांच्या शाळेत जातो वाटतं?" शेजारच्या बिलोगेने चिमटा काढला.

"जाऊ दे. नापास होऊन येईल," अंदेमे म्हणाली, आणि हातातला मासा नको तितका जोरात आपटला.

त्या संध्याकाळी मिन्त्सा घरात बॅटरी शोधत होता. वल्हं दाराशीच टेकवलेलं. अंदेमे काठावर गेली, होडीची गाठ सोडली आणि पायाने होडी ढकलून दिली. जा म्हणावं आता कुठे जाता ते.

होडी प्रवाहाला लागली आणि आतून एक डोकं वर आलं. नवऱ्याची वाट बघत ओयाने आत आडवी झाली होती.

"ताई! अगं ताई, होडी चालली!"

अंदेमे उभीच राहिली. क्षणभरच, पण राहिली. मग तिने पाण्यात उडी टाकली.

होडीचा दोर हाती लागेपर्यंत वळण आलं होतं. तिने ओढत ओढत ती काठाला लावली आणि धापा टाकत चिखलात बसली. वल्हं नव्हतं, मिन्त्सा कुणाची तरी होडी घेऊन येईपर्यंत थांबणं भाग होतं.

अंधारून आलं तसे डोक्यावर नर ओरडू लागले. क्वांक, क्वांक, क्वांक! एक मादी आली, एकेकासमोर हवेत थबकत पुढे सरकू लागली. ती जवळ आली की नर पंख फडफडवत जीव तोडून किंचाळायचा. ती पुढे गेली की पुन्हा आपलं क्वांक-क्वांक.

"बघ कशी मिजास," ओयाने वर बघत म्हणाली. "सगळ्यांना ताटकळत ठेवते." मग हळूच म्हणाली, "गाठ आपोआप नाही सुटत, ताई."

"नाही."

"मी त्यांना नाही सांगणार."

"सांग की! भिते का मी?"

"ते म्हणतात, ही जागा त्यांनी शोधली."

अंदेमेने मान झटकन वळवली. "त्याने? अगं, त्याला पहिल्यांदा आणलं तर भूत ओरडतंय म्हणून पळत सुटला होता तो!"

ओयाने हसली, हसता हसता रडली. अंदेमेला तिचा राग आला, कीवही आली. काय जास्त, ते कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी मिन्त्साने हाक मारली तेव्हा ओयाने म्हणाली, "आज ताईंना न्या."

"तुझी भीक नको मला," अंदेमे म्हणाली. तरी वल्हं उचलून ती होडीत जाऊन बसली. वळणावर तीच वटवाघळं, तोच गलका. मिन्त्सा तिच्यासमोर बसला होता. मात्र त्याची मान सारखी मागे, घराकडे वळत होती, आणि अंदेमे प्रत्येक वेळी ते बघत होती.