बहात्तर वजा सत्तावीस

मी गुंडाळीचा फळा बोलतोय. भिंतीवर ठोकलेला तो माझा थोरला भाऊ. जन्मभर एकच वर्ग बघत बसतो बिचारा. मी काळ्या रेक्झिनचा, वर-खाली लाकडी दांड्या, आणि अर्धं आयुष्य बसमध्ये कोणाच्या तरी काखेत. पण शाळा मी जेवढ्या पाहिल्या, तेवढ्या त्याने ऐकल्याही नसतील.

बालाघाटच्या एका दुकानातून मला महेंद्रने घेतलं. तो शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होता. त्यांच्या कॉलेजची एक रीत आहे. सरावाचे पाठ संपले की फळा पुढच्या तुकडीतल्या कोणाला तरी द्यायचा, आणि देताना त्याच्या पाठीवर ऑइल पेंटने आपलं नाव लिहायचं. महेंद्र, मग मंजू, मग भोजराज. तिघंही आज कुठे ना कुठे शिकवताहेत. खोटं कशाला बोलू, ती नावं पाठीवर घेऊन फिरताना माझी छाती फुगते.

चौथी आली नूतन. खैरलांजीकडच्या एका गावच्या शाळेत तिचा सराव लागला. पोरगी हुशार, पण मन लागेना. गोंदियाच्या एका शोरूममध्ये तिच्यासाठी नोकरी तयार होती. शेवटचा पाठ चांगला झाला तर राहीन, नाहीतर सोमवारी गोंदिया, असं तिने भावाला, राहुलला, फोनवर सांगून टाकलं. मी काखेतच होतो. मला वाईट वाटलं.

त्या शाळेत तेजराम गुरुजी तीस वर्षांपासून होते. धानाची रोवणी लागली की वर्ग रिकामा व्हायचा. मग हा माणूस सकाळीच सायकल काढून बांधाबांधावर जायचा आणि पोरं गोळा करून आणायचा. नूतनने एकदा त्यांना विचारलं, "गुरुजी, इतके वर्सं तेच ते शिकवून कंटाळा नाही येत तुमाले?"

"तेच ते कुठं, बाई? पोट्टे तं दरसाली नवे येतेत," गुरुजी म्हणाले आणि सायकलची चेन बसवायला लागले.

शेवटचा पाठ होता वजाबाकीचा. कॉलेजच्या मॅडम बघायला येणार, म्हणून नूतनने आधीचे दोन दिवस चार गणितांची उत्तरं वर्गाकडून घोटून घेतली. शिकाऊ मास्तर बहुतेक सगळे हेच करतात. माझ्या मंजूनेही केलं होतं, मी काय आज पाहतोय!

मॅडम मागे वही घेऊन बसल्या. दोन गणितं झकास झाली. तिसऱ्याला नूतनची गडबड झाली आणि बावन्न वजा सत्तावीसच्या जागी माझ्यावर पडलं बहात्तर वजा सत्तावीस. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "पच्चीस!"

अरे देवा! मला स्वतःलाच गुंडाळून घ्यावंसं वाटलं.

मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नूतनच्या हातात डस्टर होतं. बहात्तरातल्या साताचा पाच केला की मिटलं. तेवढ्यात पिंकी उभी राहिली. ती दोन दिवस घरी धाकटा भाऊ सांभाळत होती, तिला कोणी काही घोटवलं नव्हतं.

"दीदी, मले नाही समजलं."

नूतनने तिच्याकडे पाहिलं आणि डस्टर खाली ठेवलं. "मॅडम, म्या याईच्याकडून पाठ करून घेतलं होतं," ती म्हणाली. "याईले येत नाही." एवढं बोलायला काळीज लागतं, महाराज.

मग तिने गुरुजींच्या कपाटातून खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधलेल्या. आतापर्यंत तिने त्यांना हात लावला नव्हता. ती पोरांमध्ये खाली बसली. पिंकीने सात मोळ्या आणि दोन काड्या मांडल्या. दोनातून सात जाईनात, तशी तिने स्वतःच एक मोळी सोडली. चार मोळ्या, पाच काड्या उरल्या.

"पैंतालीस," ती म्हणाली. "मंग सारे पच्चीस काहून म्हणत होते?"

"माह्यामुळं," नूतन म्हणाली आणि हसली. त्या शाळेत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वेळ संपली, चौथं गणित राहिलं. पाठ नापास, पुन्हा घ्यावा लागेल, असं मॅडमनी सांगितलं. नियम तो नियम. बसस्टॉपवर नूतनने राहुलला फोन लावला.

"पाठ बिघडला. हौ, पुरा बिघडला. पण सोमवारी मी येऊन नाही राह्यली. पिंकीले अजून तीन आकडी गणित दाखवाचं आहे."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मला पुढे देताना तिने ब्रश पिंकीच्या हाती दिला. म्हणून माझ्या पाठीवर तीन नावं आहेत, आणि चौथ्या ओळीत, जरा वाकडं, ७२ − २७ = ४५.

आता मी पवनकडे आहे. राजेगावच्या बसमध्ये तो मला धरून उभा आहे, उद्या त्याचा पहिला पाठ. बाबा रे, तुझाही आकडा चुकेल. मला पुसायच्या आधी एकदा वर्गाकडे बघ. न समजलेलं एखादं पोर तिथे उभं असेल.